मान, पत आणि वजन : लष्करी युतीतील लहान राष्ट्रांच्या प्रतिष्ठेची परिभाषा

लहान राष्ट्रे मोठ्या राष्ट्रांशी लष्करी करार करतात ते संरक्षणासाठी, हे विधान जितके खरे तितकेच अपुरे आहे. संरक्षणाची हमी मिळाल्यावरही ही राष्ट्रे स्वस्थ बसत नाहीत. दूरच्या, ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही अशा रणांगणांवर ती सैन्य पाठवितात; संयुक्त निवेदनातील एखाद्या क्रियाविशेषणासाठी रात्र रात्र जागतात; प्रसंगी स्वतःचे नावही बदलतात. ह्या वर्तनाचा उलगडा सुरक्षिततेच्या हिशेबाने होत नाही, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले ते बऱ्याच उशिरा. रॉबर्ट रॉथस्टीन यांचा ‘अलायन्सेस अँड स्मॉल पॉवर्स’ हा ग्रंथ १९६८ साली निघाला. स्वतःच्या बळावर मुख्यतः सुरक्षित राहता येणार नाही, इतरांच्या साहाय्यावर विसंबले पाहिजे, ही जाणीव ज्या राष्ट्राला झालेली आहे ते लहान राष्ट्र, अशी त्यांची व्याख्या. म्हणजे लहानपण हे भूगोलात नसून मनात असते. पुढल्याच वर्षी रॉबर्ट कोहेन यांनी त्या ग्रंथाचे आणि त्याबरोबरच्या इतर ग्रंथांचे परीक्षण केले आणि कसोटी सुरक्षिततेवरून प्रभावाकडे नेली. पुढे २०१५ साली बेंजामिन दे कार्वाल्हो व इव्हर नॉयमन यांनी संपादिलेल्या नॉर्वेविषयक ग्रंथात ‘स्टेटस’ ही संज्ञाच मध्यभागी आली. मोठ्या राष्ट्रांचे स्थान गृहीत धरले जाते, लहानांना ते सारखे मिळवीत राहावे लागते, आणि म्हणून त्यांना त्याची चिंता अधिक, हा त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त होय.

हा सिद्धान्त मला मान्य आहे. माझे भांडण आहे ते संज्ञेशी. ‘स्टेटस’ ह्या एका शब्दाखाली ह्या वाङ्मयात निदान तीन भिन्न गोष्टी वावरतात, आणि त्या भिन्न आहेत हे न ओळखल्यामुळे काही निष्कर्ष सरळ सरळ चुकतात. मराठीत लिहिणारे आपण तर ‘स्टेटस’, ‘स्टँडिंग’, ‘प्रेस्टीज’ ह्या सर्वांना सर्रास ‘प्रतिष्ठा’ म्हणून मोकळे होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. लॅटिन ‘स्टेटस’, इंग्रजी ‘स्टँडिंग’ आणि आपला ‘प्रतिष्ठा’ हे तिन्ही शब्द एकाच मूळ धातूपासून, म्हणजे आपल्या ‘स्था’च्या घराण्यातून आलेले आहेत. परंतु व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा दुसऱ्याने करावयाची असते, देवाला ती स्वतः करून घेता येत नाही; एवढी एक सूचना ह्या शब्दात आहे, आणि ती उपयुक्तही आहे. पण त्यापलीकडे तो शब्द आपल्याला फारसा नेत नाही.

व्यवहारातली मराठी मात्र ह्या बाबतीत पुष्कळ काटेकोर आहे. ती ‘मान’, ‘पत’ आणि ‘वजन’ हे तीन शब्द वेगळे ठेवते. भाषेत शब्द तीन म्हणून जगात वस्तूही तीन, असे मानणे हा भाषाभ्यासकाचा जुना मोह आहे, हे मी जाणून आहे. म्हणून नुसत्या शब्दांकडे न पाहता ते कोणत्या क्रियापदांच्या संगतीत येतात ते पाहावे. मान देतात, मान मिळतो, मान जातो; तो कोणी उसना घेत नाही. पत वाढते, पत राखतात, पत बुडते. ती सावकाराच्या मनात असते, ऋणकोच्या तिजोरीत नव्हे. वजन पडते, वजन वापरतात, आणि विशेष म्हणजे वजन खर्ची घालतात. पोळ्याच्या दिवशी ज्याचा बैल पुढे त्याला मान आहे. त्याची जमीन किती हा प्रश्न तेथे नाही. तोच मानकरी वाण्याकडे उधारी मागावयास गेला तर त्याची पत पाहिली जाईल. आणि गावात एखादा असा असतो की ज्याला मान नाही, पतही नाही, पण पाणंदीच्या तोंडाशी त्याचे शेत आहे. त्याला वजन आहे. ह्या तिघांत गल्लत करणारा मनुष्य गावात टिकत नाही.

ह्या कसोटीवर उत्तर अटलांटिक कराराचा मजकूर तपासण्यासारखा आहे. वॉशिंग्टन येथे ४ एप्रिल १९४९ रोजी बारा राष्ट्रांनी सह्या केलेला हा करार अवघ्या चौदा कलमांचा आहे. पाचवे कलम सर्वांच्या मुखी असते. एकावर सशस्त्र हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. पण त्याच कलमात प्रत्येक राष्ट्राने काय करावयाचे ते त्याच्या त्याच्या समजुतीवर सोपविले आहे. मदत बंधनकारक आहे, मदतीचे स्वरूप मात्र नाही. मतदानाविषयी तर करारात एक शब्दही नाही. नवव्या कलमाने परिषद स्थापिली, तीत प्रत्येकाला प्रतिनिधित्व दिले; निर्णय एकमताने घ्यावयाचे ही रीत पडली. परिषदेत बसावयाचे ते राष्ट्रांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. वर्णानुक्रम ही मानापमानाचा प्रश्न निकालात काढण्याची सर्वांत साधी युक्ती आहे, आणि आपल्या विवाहसमारंभांत ती अद्याप कोणी वापरलेली नाही. थोडक्यात, ह्या करारात मान सर्वांना सारखा वाटून टाकलेला आहे. उरते ती पत आणि उरते ते वजन. लहान राष्ट्रांची सारी धडपड ह्या उरलेल्या दोहोंसाठी असते. (मराठी वाचकाला ‘मित्रत्वाचा तह’ म्हटल्यावर वसई आठवणे साहजिक आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या त्या तहाला इंग्रजीत कायमच्या संरक्षणात्मक मैत्रीचा तह म्हटले होते. कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख ही त्या मैत्रीची किंमत होती. मराठीने त्या मैत्रीला ‘तैनाती फौज’ असे नाव दिले, ते अधिक प्रामाणिक होते. तुलना मात्र येथेच थांबवितो; वसईच्या तहात पेशव्यांना कलकत्त्याच्या कौन्सिलात खुर्ची नव्हती.)

आता डेन्मार्क. ह्या राष्ट्राचे उदाहरण सर्वच ग्रंथकार देतात आणि बहुतेक एकाच पद्धतीने मांडतात. १९८२ ते १९८८ ह्या काळात कोपनहेगनमध्ये पोल श्ल्युटर यांचे अल्पमतातले सरकार होते. संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, संरक्षणाच्या प्रश्नावर बहुमत विरोधकांचे होते. त्या बहुमताने ठराव करावेत, सरकारने राजीनामा न देता ते मान्य करावेत, आणि मग परराष्ट्रमंत्री उफे एलेमन-येन्सन यांनी ब्रसेल्सला जाऊन संयुक्त निवेदनावर डेन्मार्कची असहमती नोंदवावी, असा क्रम सुरू झाला. मुख्य वाद होता तो मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्रांचा. असहमती नोंदली जाई ती तळटीपेत, म्हणून ह्या धोरणाला डॅनिश भाषेत ‘तळटीप-धोरण’ असेच नाव पडले. ग्रीसनेही त्याच काळात अशा नोंदी केल्या. परंतु नाव चिकटले ते डेन्मार्कला.

प्रचलित मांडणी अशी की, ही वर्षे डेन्मार्कच्या अप्रतिष्ठेची. १९८८ नंतर त्याने आपली चूक सुधारली. १९९० साली आखातात ‘ओल्फेर्ट फिशर’ ही युद्धनौका पाठविली. एप्रिल १९९४ मध्ये बोस्नियात तुझ्लाजवळ त्याच्या रणगाड्यांनी सर्ब तोफखान्याला प्रत्युत्तर दिले. पुढे अफगाणिस्तान, इराक, लिबिया. आणि २००९ साली त्याचे पंतप्रधान आन्डेर्स फोग रासमुसेन ह्या संघटनेचे सरचिटणीस झाले. चढती कमान. परंतु ही कमान चढती दिसते ती ‘स्टेटस’ हा शब्द एकच धरल्यामुळे. वर केलेला भेद लावला की चित्र बदलते. तळटीपांच्या वर्षांत डेन्मार्कची पत गेली, हे निर्विवाद आहे. पण मान गेला काय? तळटीप लिहिता येणे हाच मुळी समानतेचा पुरावा आहे. ज्याला खुर्ची नाही त्याच्या असहमतीला कोणी तळटीप देत नाही. भाषिक दृष्ट्या ह्या तळटीपांत आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्या मंत्र्याने त्या नोंदवावयाच्या त्याचा स्वतःचा त्यांवर विश्वास नव्हता, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. वक्ता एक, विधानाचा धनी दुसरा. अशा उक्तीने बोलणाऱ्याची पत कमी होते, बोलविणाऱ्याची नव्हे. आणि म्हणूनच पुढे तेच मंत्री पदावर राहून तेच राष्ट्र इतक्या लवकर नव्या खात्यावर व्यवहार सुरू करू शकले. दे कार्वाल्हो-नॉयमन यांच्या चौकटीत ह्या वेगाचे स्पष्टीकरण मिळत नाही.

तळटीपेच्या पंचवीस वर्षे आधीचा एक कागद मात्र मला तळटीपांहून महत्त्वाचा वाटतो. मे १९५७ मध्ये डेन्मार्कने जाहीर केले की, विद्यमान परिस्थितीत आपल्या भूमीवर अण्वस्त्रे नकोत. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या राजदूताने पंतप्रधान एच. सी. हॅन्सन यांच्यापाशी चाचपणी केली : ग्रीनलंडमधील थुले येथील तळावर असे काही ठेवावयाचे झाल्यास आपणांस कळविलेले आवडेल काय? हॅन्सन यांनी जे अनौपचारिक टिपण दिले त्यात होकार नाही, नकारही नाही. ह्यावर आपल्याला काही म्हणावयाचे नाही असे वाटते, एवढाच त्याचा आशय. अमेरिकेने त्याचा अर्थ संमती असा घेतला, आणि तसा तो घेतला जाईल हे लिहिणाऱ्याला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. मौन हे संमतीचे लक्षण ही उक्ती आपल्या परिचयाची आहे; पण मौन पाळणार असल्याचे लिहून देणे हा प्रकार राजनैतिक भाषेतही दुर्मिळ. २१ जानेवारी १९६८ रोजी चार हायड्रोजन बॉम्ब घेतलेले अमेरिकन विमान थुलेजवळ बर्फावर कोसळले. हॅन्सन यांचे टिपण जगापुढे आले ते १९९५ साली.

ह्या कागदाचा आपल्या विषयाशी संबंध असा : त्या काळी डेन्मार्क संरक्षणावर इतरांच्या मानाने बेताचाच खर्च करी आणि मित्रराष्ट्रे ते चालवून घेत, ह्याचे एक मोठे कारण ग्रीनलंड होते. म्हणजे ते वजन होते, पत नव्हे. पाणंदीच्या तोंडाशी असलेले शेत. तळटीपांच्या काळातही डेन्मार्कला कोणी फारसे दुखविले नाही, त्यामागे हे वजन उभे होते. जाहीर तळटीपेतला नकार आणि खासगी टिपणातला न-नकार ही दोन्ही एकाच राष्ट्राची वाक्ये आहेत, आणि ती एकत्र वाचली नाहीत तर दोन्ही चुकीची वाचली जातात.

अफगाणिस्तानच्या युद्धात असहमतीने नवे रूप घेतले. निवेदनात सर्वांनी एकमत दर्शवावयाचे, पण आपल्या तुकड्या अमुक प्रांतात जाणार नाहीत, रात्री बाहेर पडणार नाहीत, अशा अटी प्रत्येक राष्ट्राने घालावयाच्या. ह्या अटींना ‘कॅव्हिएट’ म्हणत. ‘सावध राहावे’ एवढाच त्या लॅटिन शब्दाचा अर्थ. तळटीप कागदावरून रणांगणावर गेली, असे म्हणता येईल. डेन्मार्क आणि एस्टोनिया ह्या दोघांनी असल्या अटी न घालण्यात आपली पत पाहिली. दोघांचेही सैनिक ब्रिटिशांच्या बरोबर हेलमंद प्रांतात, म्हणजे जेथे लढाई सर्वांत दाट होती तेथे गेले. डेन्मार्कचे ४३ सैनिक त्या देशात मृत्यू पावले, एस्टोनियाचे ९. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे आणि त्याने संघटनेत प्रवेश केला तो २००४ साली. येथे ‘प्रतिष्ठा मिळविण्यासाठी’ हा वाक्प्रचार लेखणीतून उतरताना लेखकाने जरा थांबावयास हवे, असे मला वाटते. ह्या विषयावरील लेखनात सैनिकांचे मृत्यू ‘गुंतवणूक’ म्हणून तक्त्यांत मांडले जातात. शब्द नकळत वापरलेला असतो, परंतु निरर्थक नसतो. गुंतवणूक म्हटले की परताव्याचा प्रश्न येतो, आणि परतावा देणारा कोण हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

तो विचारला असता तर १९५७ चा कागद आठवला असता. पत ही धनकोच्या वहीत असते. धनको बदलला, किंवा त्याने वहीच बदलली, की ऋणकोला दाद मागण्याचे ठिकाण नाही. अफगाणिस्तानच्या वर्षांत डेन्मार्कचा युक्तिवाद असा होता की, आपला संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून पुष्कळ कमी असला तरी आपण प्रत्यक्ष लढतो. मोजावयाचे ते काम मोजा. २०१४ साली वेल्समधील बैठकीत दोन टक्क्यांचे लक्ष्य ठरले, २०२५ साली हेगमध्ये ते २०३५ पर्यंत पाच टक्क्यांवर नेण्याचे ठरले. वहीचे रकाने बदलले. आणि ७ जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपद पुन्हा स्वीकारण्यापूर्वी, डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलंड मिळविण्यासाठी लष्करी अथवा आर्थिक बळाचा वापर करणार नाही अशी हमी देण्याचे नाकारले. ४३ मृत्यूंनी मिळविलेली पत त्या वाक्यात कोठेच नव्हती. वजन मात्र होते, फक्त ते आता डेन्मार्कच्या बाजूच्या पारड्यात राहिले नव्हते. शेताची किंमत फार वाढली की शेजारी वाट मागत नाही, शेतच मागतो.

ह्याउलट आइसलंड. ह्या राष्ट्राला सैन्यच नाही, आणि तरी ते १९४९ च्या बारांपैकी एक. त्या वर्षी ३० मार्चला संसदेने करार स्वीकारला तेव्हा रेक्याविकमध्ये दंगल झाली होती. पुढे त्याने आपली मासेमारीची हद्द १९५८ साली बारा, १९७२ साली पन्नास आणि १९७५ साली दोनशे सागरी मैलांपर्यंत वाढविली आणि प्रत्येक वेळी ब्रिटनच्या नौदलाशी, म्हणजे मित्रराष्ट्राशीच, झुंज घेतली. फेब्रुवारी १९७६ मध्ये तर राजनैतिक संबंध तोडले. सव्वादोन लाखांहून कमी वस्तीचे हे राष्ट्र तिन्ही वेळा जिंकले, कारण केफ्लाविकचा तळ सोडावा लागेल ही भीती वॉशिंग्टनला आणि ब्रसेल्सला होती. येथे पतीचा मागमूस नाही. शुद्ध वजन, आणि ते योग्य वेळी खर्ची घातलेले. कोहेन यांनी १९७१ साली लहान मित्रांच्या मोठ्या प्रभावाविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हाच गुण होता. २००६ साली अमेरिकन सैन्य केफ्लाविकहून निघून गेले, ह्याची नोंद ठेवून पुढे जातो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत रस वाटावा असे उदाहरण मॅसिडोनियाचे आहे. १९९१ साली युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झालेल्या ह्या राष्ट्राच्या नावालाच ग्रीसची हरकत होती, कारण ग्रीसचा उत्तरेकडील प्रांत त्याच नावाचा. १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला तो ‘पूर्वीचे युगोस्लाव्ह मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ ह्या तात्पुरत्या वर्णनाखाली. खुर्ची मिळाली ती इंग्रजी ‘टी’ ह्या अक्षराखाली, ‘दि फॉर्मर’ मधल्या ‘दि’मुळे, थायलंडच्या शेजारी. वर्णानुक्रम मानापमान मिटवितो असे मी वर म्हटले; येथे एका उपपदाने त्याच वर्णानुक्रमाचा अपमान केला. अटलांटिक संघटनेच्या कागदांत ह्या नावाला फुली असे आणि खाली तळटीप असे की, तुर्कस्तान ह्या प्रजासत्ताकाला त्याच्या घटनेतील नावाने ओळखते. पुन्हा तळटीप, पण ह्या वेळी ती दुसऱ्याने लिहिलेली, आणि तिच्यात एका राष्ट्राचे खरे नाव जेमतेम जिवंत ठेवलेले.

ह्या राष्ट्राने अफगाणिस्तानात व इराकात सैनिक पाठविले, पत कमावली. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत प्रवेशाचे निमंत्रण मिळाले नाही ते नावामुळे. ५ डिसेंबर २०११ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की, हरकत घेऊन ग्रीसने १९९५ च्या हंगामी कराराचा भंग केला आहे. निकाल मिळाला, निमंत्रण मिळाले नाही. कारण दहाव्या कलमाप्रमाणे निमंत्रण एकमताने द्यावयाचे असते. एका लहान राष्ट्राचा मान दुसऱ्या बेताच्याच राष्ट्राच्या नकारात अडकून पडला. लहानांनी एकाच बलाढ्य राष्ट्राशी करार करण्यापेक्षा अनेकांच्या मिश्र युतीत राहावे, असा रॉथस्टीन यांचा सल्ला आहे. पण मिश्र युतीत दारावर मोठा नव्हे तर शेजारीच उभा असू शकतो, हे त्यांच्या मांडणीत येत नाही.

अखेर १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला. त्याची भाषिक कलमे कोणत्याही व्याकरणाच्या वर्गात शिकवावीत इतकी सूक्ष्म आहेत. राष्ट्राचे नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’. शासनाचा व शासकीय संस्थांचा निर्देश ‘उत्तर मॅसिडोनियाचे’ असा षष्ठीने करावयाचा, ‘मॅसिडोनियन’ ह्या विशेषणाने नव्हे. भाषेचे नाव मात्र ‘मॅसिडोनियन’ हेच राहील. परंतु ती दक्षिण स्लाव्ह गटातील आहे हे करारातच लिहिलेले. दोन सरकारांनी भाषाकुलाचे वर्गीकरण तहाच्या कलमात घातले आहे! नामाची षष्ठी आणि विशेषण ह्यांत अर्थभेद किती, ह्यावर आपण वर्गात तास घालवितो. येथे तो भेद सैन्याच्या युतीत शिरण्याची किंमत ठरला. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात विचारलेला प्रश्नही पाहण्यासारखा : ग्रीसशी झालेला करार स्वीकारून युरोपीय संघाचे व अटलांटिक संघटनेचे सभासदत्व आपणांस हवे काय. नवे नाव प्रश्नात कोठेही नव्हते. होकार नव्वद टक्क्यांहून अधिक; मतदार आले अवघे सदतीस टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांनी हॅन्सन यांच्यासारखेच काही म्हटले नाही, पण त्यांच्या मौनाचा अर्थ कोणी संमती असा घेतला नाही. तरी संसदेने जानेवारी २०१९ मध्ये घटना बदलली, आणि २७ मार्च २०२० रोजी हे राष्ट्र तिसावे सभासद झाले. ब्रसेल्सच्या मेजावर त्याची जागा आता नेदरलँड्स आणि नॉर्वे ह्यांच्यामध्ये आहे.

दे कार्वाल्हो-नॉयमन यांचा नमुना येथे लावला तर म्हणावे लागेल की, ह्या राष्ट्राने ‘स्टेटस’ मिळविले. माझ्या वाचनाप्रमाणे त्याने एक मान देऊन दुसरा घेतला. पत त्या व्यवहारात कामी आली नाही आणि वजन त्याच्यापाशी नव्हते. १२ मे २०२४ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षा गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी शपथ घेताना देशाला नुसते ‘मॅसिडोनिया’ म्हटले आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या. एका दिशावाचक विशेषणाचा लोप इतका ऐकू येतो, ह्यावरून सौदा पुरा झालेला नाही हे दिसते.

ह्या ग्रंथांवर माझा आक्षेप त्यांच्या माहितीविषयी नाही. नॉर्वेविषयीचा ग्रंथ तर माहितीच्या बाबतीत समृद्ध आहे. नॉर्वेपाशी तेल आहे, ध्रुवाकडील किनारा आहे, नोबेल शांतता पारितोषिकाची समिती आहे. त्याची पत आणि त्याचे वजन बहुतेक एकाच दिशेने चालले, म्हणून ते वेगळे करण्याची गरज त्या ग्रंथाला भासली नाही. एका सुदैवी राष्ट्रावरून बांधलेली संज्ञा इतरांना लावली की ती ढिली पडते. आपल्या विभागात राज्यशास्त्राच्या पाठ्यग्रंथांचे भाषांतर चालू असते, त्या कामी माझी सूचना एवढीच की, ‘स्टेटस’ जेथे सभासदत्व आणि समान बैठक ह्या अर्थाने येते तेथे ‘मान’ किंवा ‘स्थान’, जेथे केलेल्या कामाच्या मोबदल्यात अपेक्षिलेली जाणीव असा अर्थ आहे तेथे ‘पत’, आणि जेथे मित्राची अडचण हेच बळ आहे तेथे ‘वजन’ असे शब्द योजावेत, आणि एकाच वाक्यात दोन अर्थ मिसळले असतील तर मूळ लेखकाची ती गल्लत भाषांतरात झाकून टाकू नये. ‘रेकग्निशन’ ह्या संज्ञेचा प्रश्न वेगळा आहे; ‘मान्यता’ ह्या शब्दात ‘मान’ आधीच बसलेला असल्यामुळे तेथे हा भेद कसा राखावयाचा, हे मला अद्याप उलगडलेले नाही.